हिरव्याच्या आधी काय असतं?

गटातल्या सगळ्या ताया, वहिन्या, काकू आणि आजीबाई, रेडिओजवळ बसल्या आहात ना? आज एक शास्त्राची गोष्ट सांगायची आहे. ती आपल्या देवघरातून निघते, इंग्लंड-जर्मनीतल्या प्रयोगशाळांमधून फिरते आणि शेवटी आपल्याच अंगातल्या रक्तापाशी येते. मध्ये एक मराठी बाईही भेटते. तिचं नाव आपल्याला माहीत असायला हवं.

नवरात्रात आपण घटाशी रुजवण घालतो. माती, त्यावर धान्य, वर पाणी. जागा देवघराचा कोपरा, म्हणजे काळोखीच. चार दिवसांत कोंब येतात, नवव्या दिवसापर्यंत वीतभर वाढतात. त्यांचा रंग आठवा. पिवळाधमक! दसऱ्याला आपण ते केसांत माळतो. तेच धान्य शेतात पेरलं तर हिरवंगार उगवतं. दाणा तोच, पाणी तेच, मग हिरवा रंग कुठे गेला?

रंग कुठे गेलेला नसतो, तो तयार व्हायचा थांबलेला असतो. हिरवा रंग होण्याआधी रोपाला बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात आणि काळोखातलं रोप शेवटच्या काही पायऱ्या उरल्या असताना अडून बसतं. पुढच्या पायरीला उजेड लागतो. मग रोप त्या आदल्या पायरीचा माल थोडा थोडा साठवून वाट बघतं. आपल्याला दिसतो तो पिवळा रंग गाजरात असतो त्या जातीच्या रंगद्रव्यांचा. हिरव्या रंगाचा अर्धवट माल त्याच्यामागे अगदी थोडा, लपून असतो. रुजवण उन्हात आणून ठेवली की तो माल क्षणात पुढची पायरी चढतो आणि काही तासांत पातं हिरवं दिसू लागतं.

आजची गोष्ट या 'आधीच्या' मालाची आहे. तो माणसाने ओळखला कसा, वेगळा काढला कसा, शुद्ध केला कसा, आणि त्याचा आपल्याला काय उपयोग झाला.

हिरव्या रंगाला नाव मिळालं

पानातल्या हिरव्या रंगाला आपण हरितद्रव्य म्हणतो. १८१७ मध्ये फ्रान्समधल्या पेलेतिए आणि कावाँतू या दोन औषधशास्त्रज्ञांनी त्याला क्लोरोफिल हे नाव दिलं. पण नाव दिलं म्हणजे वस्तू हाती आली असं नाही. पान वाटलं की रस निघतो, त्यात हिरवं असतं, पिवळं असतं, चिकट असतं, मेणकट असतं. सगळी भेळच. त्यातून एकच वस्तू बाजूला कशी काढायची?

याची एक सोपी रीत रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी काढली. १९०६ मध्ये त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. काचेच्या नळीत खडूची पूड ठासून भरायची, वरून पानांचा अर्क सोडायचा आणि मग द्रावक ओतत राहायचं. जो रंग खडूला घट्ट धरतो तो वरच राहतो, जो सैल धरतो तो खाली घसरतो. नळीत हिरवे आणि पिवळे पट्टे वेगवेगळे दिसू लागतात. एका पट्ट्याची पूड खरवडून घेतली की एक रंग हाती आला. आज औषधापासून दुधापर्यंत सगळ्या तपासण्यांत या रीतीच्या लेकी-नाती वापरल्या जातात.

त्याच सुमारास जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड विल्श्टेटर यांनी दोनशेहून जास्त जातींची पानं तपासली. गवत असो की झाड, हिरवा रंग सगळीकडे एकच निघाला आणि त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम हा धातू बसलेला सापडला. या कामासाठी त्यांना १९१५ चं नोबेल पारितोषिक मिळालं. पुढे हान्स फिशर यांनी रक्तातल्या लाल रंगाची रचना उलगडली, तो प्रयोगशाळेत तयारही केला, आणि हरितद्रव्याच्या रचनेवरही काम केलं. त्यांचं नोबेल १९३० चं.

दोघांचं काम शेजारी ठेवल्यावर जे दिसलं ते आश्चर्याचं होतं. पानाचं हिरवं आणि रक्ताचं लाल ही सख्खी भावंडं निघाली.

एकच पारी, सारण वेगळं

हे समजायला आपल्या स्वयंपाकघरात चला. मोदकाची पारी तांदळाच्या उकडीची असते. आत काय भरलं त्यावर तो गोड की तिखट हे ठरतं. हरितद्रव्य आणि रक्तातला लाल रंग यांची पारी जवळजवळ एकच आहे. ती बांगडीसारखी गोल असते आणि चार तुकड्यांची बनलेली असते. तिच्या मधोमध लोह भरलं की लाल रंग होतो. तोच आपल्या हिमोग्लोबिनमध्ये बसून अंगभर प्राणवायू वाहतो. लोहाच्या जागी मॅग्नेशियम भरलं आणि पारीला थोडी वेगळी मुरड घातली की हिरवा रंग होतो. तो उन्हातली शक्ती पकडून झाडाचं अन्न शिजवायला मदत करतो.

पण झाडाच्या अंगात नुसता हिरवाच रंग असतो का? श्वास तर झाडही घेतं. मग लोह भरलेली लाल पारी झाडातही हवी. ती शोधणाऱ्यांमध्ये आपली एक मराठी मुलगी होती.

कमला भागवत

कमला भागवत म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी. थोर लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या या धाकट्या बहीण. आपला कुंभार्ली घाट चढून गेलं की कऱ्हाड लागतं, तिथे १९७५ मध्ये साहित्य संमेलन झालं, त्याच्या अध्यक्ष होत्या त्या दुर्गाबाई. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्र शिकलेले, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत गेलेले. कमलानेही तिथेच जायचं ठरवलं. १९३३ मध्ये ती मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडली आणि तिने बंगळूरला अर्ज केला.

तेव्हा संस्थेचे संचालक होते नोबेल मिळवलेले सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी प्रवेश नाकारला. कारण एवढंच, की ती मुलगी होती. कमला मागे हटली नाही. ती बंगळूरला जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिने सत्याग्रहाची भाषा केली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष कच्चं धरलं जाईल, गुरू सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावं लागेल आणि आजूबाजूच्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये! मैत्रिणींनो, ही तिसरी अट ऐकून हसू येतं आणि रागही येतो. कमलाने मान खाली घालून एकच काम केलं, अभ्यास. श्रीनिवासय्या या तिच्या गुरूंनी तिला मनापासून शिकवलं. दूध, डाळी आणि कडधान्यांतली प्रथिनं वेगळी काढायला ती तिथे शिकली. वर्षभरानंतर तिचा प्रवेश पक्का झाला आणि त्यानंतर मुलींसाठी ते दार उघडलं.

पुढे ती इंग्लंडला केंब्रिजला गेली. तिथे तिला रॉबिन हिल हे गुरू मिळाले. झाडाच्या पेशीतले हिरवे कण पेशीबाहेर काढून त्यांच्यावर उजेड पाडला तर ते प्राणवायू सोडतात, हे दाखवणारे ते हेच हिल. त्यांना हिरव्याचं वेड होतं आणि लालचीही चांगली ओळख होती. त्यांच्याकडे कमला बटाट्यावर काम करत होती. त्यात तिला सायटोक्रोम सी नावाचं लाल रंगद्रव्य सापडलं. लोह भरलेली तीच पारी, प्रथिनात बसवलेली. प्राण्यांच्या पेशीत ते श्वसनाचं काम करतं हे माहीत होतं. झाडाच्या पेशीतही ते तेच काम करतं, हे तिने दाखवलं. १९३९ मध्ये हिल आणि भागवत यांचा याच विषयातला एक लेख 'नेचर' या नामांकित नियतकालिकात आला. त्याच वर्षी तिला केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. प्रबंध होता अवघ्या चाळीस पानांचा. पाल्हाळ नाही, काम चोख. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या भारतीय स्त्रियांत तिचं नाव घेतात.

म्हणजे कळलं काय? एकाच रोपाच्या अंगात लाल पारीही असते आणि हिरवी पारीही. मग रोप एकाच उकडीतून दोन्ही करतं का? आणि वाट फुटते नेमकी कुठे?

दार बंद करा, पाणी साठेल

ही वाट शोधणं सोपं नव्हतं. कारण मधल्या पायऱ्यांचा माल पेशीत टिकतच नाही. तयार झाला की लगेच पुढे जातो. आपल्याला हे पटकन समजेल. कोयनेचं पाणी बोगद्यातून येतं, आपल्या पोफळीच्या जमिनीखालच्या वीजघरात पडतं, तिथून कोळकेवाडीच्या धरणात जातं, पुन्हा वीज करतं आणि शेवटी वाशिष्ठीला मिळतं. वाहतं असताना मधल्या टप्प्यावर किती पाणी आहे हे कसं कळणार? पुढचं दार बंद केलं, की मागे पाणी तुंबतं. मग ते मोजताही येतं आणि भरूनही घेता येतं. शास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं. पेशीतली वेगवेगळी दारं बंद करून बघितली.

पहिलं दार निसर्गानेच बंद केलेलं असतं, काळोखातल्या रोपात. म्हणून प्रयोगशाळेत बार्ली आणि ओट ही धान्यं काळोखात रुजवतात. अगदी आपल्या घटासारखी. पण तो माल काढताना खोलीत उजेड असून चालत नाही, नाहीतर तो हातातच पुढची पायरी चढेल. म्हणून अगदी मंद हिरव्या दिव्यात काम करतात, कारण हिरवा उजेड त्याला फारसा लागत नाही. पाती थंड ठेवून अॅसिटोनमध्ये वाटायची, गाळायची, रंग ईथरसारख्या द्रावकात उतरवून घ्यायचा. मग कमी-जास्त तीव्रतेच्या आम्लाने एकेक घटक त्यातून ओढून घ्यायचा किंवा त्स्वेत यांच्या रीतीने पट्टे पाडायचे. ताकातून लोणी काढावं तसं, पण लोणी चार जातींचं आणि तेही काळोखात!

दुसरं दार अमेरिकेतल्या सॅम ग्रॅनिक यांनी बंद केलं. त्यांनी क्लोरेला नावाच्या बारीक हिरव्या शेवाळावर क्ष-किरण सोडले. त्यातल्या काही पेशी बिघडल्या आणि हिरव्याऐवजी तपकिरी झाल्या. १९४८ मध्ये त्यांनी दाखवलं की या बिघडलेल्या पेशींत रिकामी पारी साठलेली आहे. शास्त्रात तिला प्रोटोपॉर्फिरिन म्हणतात. हीच पारी रक्ताच्या लाल रंगाच्याही आधी असते. म्हणजे वाट फुटते ती इथे. लोह भरलं की लालच्या वाटेला, मॅग्नेशियम भरलं की हिरव्याच्या वाटेला.

तिसरं दार जिवाणूंमध्ये सापडलं. तळ्याच्या चिखलात जांभळट-लाल रंगाचे जिवाणू असतात. ते हवेशिवाय, उजेडावर जगतात आणि स्वतःच्या जातीचं हरितद्रव्य करतात. ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या मूळच्या ऑस्ट्रेलियन संशोधक जून लॅसेल्स यांनी १९५० नंतरच्या दशकात त्यांचा बारकाईने अभ्यास केला. हवा भरपूर दिली की हे जिवाणू रंग करायचं थांबवतात. लोह कमी दिलं तर आधीच्या पायऱ्यांचा माल त्यांना आवरत नाही आणि तो पेशीबाहेरच्या पाण्यात सांडतो. मग तो गोळा करणं किती सोपं! झाड वाटायला नको, चोथा गाळायला नको. जिवाणू भराभर वाढतात आणि त्यांच्यात बिघाडही लवकर करता येतो. पुढच्या संशोधकांनी वेगवेगळ्या पायरीवर अडलेले जिवाणू मिळवले आणि हरितद्रव्याच्या वाटेचा नकाशा भरत नेला.

पारीच्याही आधी

पारी कशाची बनते? हे शोधायला अमेरिकेतल्या डेव्हिड शेमिन यांनी १९४५ मध्ये प्रयोग केला स्वतःवरच. ग्लायसीन हा प्रथिनांतला एक साधा घटक. त्यातल्या नत्राला ओळखता येईल अशी खूण करून त्यांनी तो ६६ ग्रॅम खाल्ला आणि मग वेळोवेळी आपलं रक्त तपासलं. खूण रक्ताच्या लाल रंगात सापडली. शिवाय हेही कळलं की एक लाल पेशी सुमारे चार महिने जगते.

१९५२ मध्ये इंग्लंडच्या वेस्टॉल यांनी पारीचा चौथा भाग शुद्ध करून हाती घेतला. तोही कशातून? पोर्फिरिया नावाचा आजार झालेल्या रुग्णाच्या लघवीतून. या आजारात शरीरातलंच एक दार नीट उघडत नाही आणि आधीचा माल लघवीत उतरतो. पुढच्याच वर्षी शेमिन यांनी त्याच्याही आधीचा तुकडा ओळखला. त्याचं लांबलचक नाव सोडून देऊ, शास्त्रज्ञही त्याला 'आला' असंच म्हणतात. असे आठ 'आला' घ्यायचे, दोन-दोन जोडून चार करायचे, चार एका ओळीत जोडायचे, टोकं जुळवली की झाली बांगडी.

सगळ्यांना वाटलं, झाडातही 'आला' ग्लायसीनपासूनच होत असणार. पण १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात बील आणि कास्टेलफ्रँको यांनी हिरवी होऊ लागलेली काकडीची रोपं घेतली, 'आला'च्या पुढचं दार औषधाने बंद केलं आणि साठलेला माल तपासला. झाडाने तो ग्लुटामेट या दुसऱ्याच घटकापासून केला होता. म्हणजे आपल्या शरीराची आणि त्या जांभळ्या जिवाणूंची सुरुवात एक, झाडाची दुसरी, आणि दोघं येऊन मिळतात एकाच वाटेला.

आपल्या रक्ताशी नातं

आता तुम्ही विचाराल, बाई गं, आम्हाला याचं काय? आहे, पुष्कळ आहे.

२०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या गटात वीस जणी असतील तर दहा-अकरा जणींचं रक्त कमी असू शकतं. धाप लागते, पाय ओढतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि आपण म्हणतो, कामाचा शीण आहे. लोह कमी पडलं की शरीरात काय होतं ते आता तुम्हीच सांगाल. पारी तयार असते, सारण नसतं. लोहाच्या जागी जस्त भरलं जातं आणि अशी पारी प्राणवायू वाहून नेत नाही. रक्तात अशा पाऱ्या वाढल्या की लोह कमी आहे किंवा अंगात शिसं गेलंय असं डॉक्टरांना कळतं, कारण शिसंही या वाटेवरची दारं अडवतं. ही तपासणी शक्य झाली, कारण कुणीतरी हा माल आधी शुद्ध करून ओळखून ठेवला होता. तोच 'आला' आज मेंदूच्या काही गाठींच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाला पाजतात. गाठीत पारी साठते, निळ्या उजेडात लाल चमकते, आणि कुठे कापायचं ते सर्जनला दिसतं.

दुसरी गोष्ट. हल्ली बाटलीतलं हिरवं पाणी 'रक्त वाढवणारं क्लोरोफिल' म्हणून विकलं जातं. सांगणारा म्हणतो, हिरवं आणि लाल भावंडंच आहेत ना! भावंडं खरी, पण खाल्लेलं हरितद्रव्य आपल्या पोटात रक्त होत नाही. त्यात भरलेलं असतं मॅग्नेशियम, आणि आपलं शरीर स्वतःची पारी स्वतःच करतं. आपल्याला बाहेरून हवं असतं सारण, म्हणजे लोह. टाकळा, माठ, शेवगा या भाज्या खायच्या त्या लोहासाठी आणि इतर सत्त्वांसाठी. भाजीतलं लोह अंगी कमी लागतं, म्हणून वर लिंबू पिळावं, आवळा किंवा पेरू खावा, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. सुकट, मासे, मटण खाणाऱ्यांना त्यातलं लोह जास्त सहज मिळतं. आणि सगळ्यात आधी तपासणी. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल, तर रक्त कमी आहे. उपकेंद्रात लोहाच्या गोळ्या मिळतात. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून त्या सोडू नका. रक्त कमी असण्याची कारणं लोहाशिवायही असतात, जंत, सिकलसेल, जीवनसत्त्वांची कमतरता. म्हणून गोळ्यांनी फरक पडला नाही तर डॉक्टरांना पुन्हा विचारा.

कमलाबाईंनीही शेवटी हीच वाट धरली. परदेशातून परत येऊन त्यांनी दिल्लीला शिकवलं, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं. १९४७ मध्ये लग्न झाल्यावर त्या मुंबईत आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. डॉ. राजेंद्र प्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायका यांना स्वस्तात पोषण मिळावं हा हेतू होता, आणि या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. १९६६ मध्ये नऊ बायकांनी मिळून सुरू केलेल्या ग्राहक संघटनेतही त्यांनी काम केलं, तिच्या अध्यक्ष झाल्या, आणि 'कीमत' या तिच्या नियतकालिकात लोकांना फसवणुकीपासून सावध करणारे लेख लिहिले. १९९८ मध्ये त्या गेल्या. बटाट्यातला लाल रंग शोधणारी बाई उतारवयात बाजारातल्या पिशवीपर्यंत आली, कारण शास्त्र घराघरांत पोचलं पाहिजे असं त्यांना वाटे.

गटात बोलण्यासाठी

येत्या बैठकीत तीन गोष्टी करा. एक, दोन वाट्यांत गहू रुजवा, एक टोपलीखाली आणि एक खिडकीत ठेवा. पाच-सहा दिवसांनी दोन्ही मुलांना दाखवा आणि काळोखातली वाटी उन्हात आणून किती वेळात हिरवी होते ते त्यांनाच मोजू द्या. दोन, गटातल्या प्रत्येकीचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं ते वहीत लिहा. ज्यांचं कधीच झालं नाही त्यांना आशाताईंबरोबर पाठवा, सासूबाई आणि वयात आलेल्या मुलीही त्यात धरा. तीन, आपल्या घरातल्या कुठल्या मुलीला 'हे शिकून काय करणार' असं म्हटलं गेलंय का, यावर मोकळेपणाने बोला. तिच्या बाजूने उभं राहायला गटातली कोण येईल, तेही त्याच बैठकीत ठरवा.

आजच्यापुरतं एवढंच. नमस्कार.